हलणारा दुधाचा दात: घरी काय करायचं आणि कुठे थांबायचं

दात हलायला लागला की घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, ‘धरून ओढून टाका, सुटेल एकदाचा.’ दुसरं म्हणतं, ‘हातच लावू नका.’ दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे, आणि कोणत्या दिवशी कुणाचं ऐकायचं हे दात नीट बघितला की कळतं. तो कसा बघायचा, शेवटच्या टप्प्यात हात कसा लावायचा, रक्त कसं थांबवायचं आणि कधी घरचे उपाय सोडून डॉक्टरांकडे निघायचं, हे इथे क्रमाने दिलं आहे.

आत काय चाललेलं असतं

दुधाचे दात एकूण २०, वर १० आणि खाली १०. प्रत्येकाच्या मुळाशी, जबड्याच्या हाडात, कायमचा दात तयार होत असतो. तो सरकायला लागला की शरीरातल्या खास पेशी दुधाच्या दाताचं मूळ कणाकणाने विरघळवतात. मूळ जितकं कमी उरेल तितका दात जास्त हलतो, आणि शेवटी तो हिरडीच्या नुसत्या कातडीला लटकून राहतो. म्हणूनच वेळेवर पडलेल्या दाताला मूळ नसतं. त्याच्या तळाशी पोकळ, खडबडीत, लालसर खळगा दिसतो. तो बघून ‘मूळ आतच तुटलं’ म्हणून कितीतरी पालक धास्तावतात, पण ते मूळ आधीच विरघळून गेलेलं असतं.

ओढाओढीत धोका कुठे आहे तेही यातूनच कळतं. अर्धं मूळ शिल्लक असताना जोर लावला तर मूळ मोडू शकतं, हिरडी फाटते, रक्त जास्त येतं. शिवाय पुढचे १९ दात पडायचे बाकी असतात. पहिल्याच वेळी दुखलं तर लेकरू नंतर तोंड उघडायलाही तयार होत नाही. दाताला दोरा बांधून दाराला अडकवायचा प्रकार तर मुळीच नको. त्यात झटक्याची दिशाही आपल्या हातात राहत नाही आणि जोरही नाही.

वयाचा अंदाज असा: खालचे मधले दोन पटाशीचे दात साधारण ६ ते ७ व्या वर्षी पडतात, वरचे मधले दोन ६ ते ८ व्या वर्षी, त्यांच्या शेजारचे ७ ते ९ पर्यंत. मग काही काळ शांततेत जातो. सुळे आणि दुधाच्या दाढा ९ ते १२ या वयात पडतात. मुलींचे दात बऱ्याचदा मुलांपेक्षा थोडे आधी पडतात. वर्षभर मागेपुढे झालं तर काळजीचं कारण नाही. पण चार-पाच वर्षांच्या आत, कुठे मार लागलेला नसताना दात हलायला लागला, तर वाट न पाहता दाखवून घ्या.

कोणत्या मुलांचा दात घरी काढायचा नाही

हे सगळ्यात आधी बघा. मुलाला हिमोफिलियासारखा रक्त न गोठण्याचा आजार असेल, जन्मजात हृदयविकार असेल, रक्त पातळ करणारी औषधं किंवा कॅन्सरचे उपचार सुरू असतील, तर दात हलायला लागल्याबरोबर त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवा. दात आपोआप पडला तरी पुढे काय करायचं हे त्यांच्याकडून आधीच विचारून ठेवायला हवं. पावसाळ्यानंतर डेंग्यूच्या दिवसांत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. नुकताच डेंग्यू होऊन प्लेटलेट कमी झालेल्या मुलाचा दात, त्या पूर्ववत झाल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत हलवत बसू नये.

दात तयार आहे का, हे कसं ओळखायचं

हात साबणाने २० सेकंद धुवा, नखं कापलेली असू द्या. मुलाला खिडकीच्या उजेडात खुर्चीवर बसवा. एका बोटाने दात हलकेच पुढे ढकला, मग मागे, मग डावी-उजवीकडे.

नुसता पुढे-मागे थोडा हलतो आणि बाजूला हलत नाही, म्हणजे मूळ अजून बरंच आहे. अशा वेळी काही करायचं नाही. इथून पुढे काही आठवडे, कधी दोन महिनेही लागतात.

सगळ्या बाजूंना सहज हलतो, जिभेने जवळजवळ आडवा होतो, थोडा गोल फिरवता येतो आणि हे करताना मूल कळवळत नाही, म्हणजे दात तयार आहे. कधी एका बाजूची कड हिरडीपासून सुटलेली दिसते आणि खालून नव्या दाताचं पांढरं टोकही डोकावतं.

दात फारसा हलत नाही, पण हिरडी सुजली आहे, दाताशेजारी पुवाची पुळी आहे किंवा दात काळा पडला आहे, तर हे दात पडण्याचं लक्षण नाही. ती कीड किंवा जुन्या माराचा परिणाम असू शकतो. तिथे घरी काही करू नका, डॉक्टरांकडे जा.

मधले दिवस: हलवायचं काम मुलाचं

दात हलवायला जिभेइतकं चांगलं साधन नाही. तिला जोर बेताचाच लावता येतो आणि दुखलं की ती आपोआप थांबते. दिवसातून तीन-चार वेळा, प्रत्येक वेळी मिनिटभर, जिभेने दात पुढे-मागे ढकलायला सांगा. बोटाने हलवायचा असेल तर हात धुऊनच. शाळेत, मैदानावर, मातीचे हात तोंडात घालू नकोस, हे रोज सांगावं लागतं आणि सांगायलाच हवं.

या दिवसांत त्या दाताला ब्रश लावायचा सोडू नका. दुखेल म्हणून मुलं ती जागा टाळतात, तिथे अन्न साचतं, हिरडी सुजते आणि मग खरंच दुखायला लागतं. मऊ ब्रश, मटारच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, हिरडीकडून दाताच्या टोकाकडे हलका हात.

दप्तरात झाकणाची छोटी डबी ठेवा आणि वर्गातल्या बाईंना सांगून ठेवा. पहिली-दुसरीत दात शाळेत पडण्याचं प्रमाण चांगलंच असतं, आणि पडलेला दात हरवला याचंच रडू जास्त येतं.

काढायचा दिवस

दात लटकत असेल, खाताना मध्ये येत असेल आणि मूल स्वतः ‘काढ’ म्हणत असेल, तरच पुढचं वाचा. त्याची तयारी नसेल तर आणखी दोन दिवस थांबल्याने काही बिघडत नाही.

मेडिकलमधून निर्जंतुक गॉजचं, म्हणजे जखमेवर ठेवायच्या जाळीदार सुती कापडाचं, छोटं पाकीट आणा. कापूस नको, त्याचे तंतू जखमेला चिकटतात. सोलापुरात घरोघरी टॉवेल हाताशी असतो, पण त्याच्या लुपाच्या धाग्यांतही दात आणि हिरडी अडकते. टॉवेल मांडीवर पसरायला ठेवा. जोडीला उकळून गार केलेलं पेलाभर पाणी, आरसा आणि फडक्यात गुंडाळलेला बर्फाचा खडा. नळाचं पाणी काही दिवसांआड येतं आणि पिंपात साठवलेलं असतं, म्हणून चूळ भरायला उकळलेलंच घ्या.

१. मुलाला ताठ बसवा, मान किंचित पुढे. आडवं झोपवून कधीही नाही. निसटलेला दात सरळ घशात जातो.

२. थांबायची खूण ठरवा. ‘बाळा, दुखलं की डावा हात वर कर, मी लगेच थांबते,’ असं सांगा, आणि हात वर झाला की खरोखर थांबा. एकदा जरी शब्द मोडला तर तो हात पुन्हा वर होणार नाही, तोंडच मिटेल.

३. हिरडी हुळहुळी असेल तर बाहेरून ओठावर किंवा थेट हिरडीला बर्फ मिनिटभर लावा.

४. कोरड्या गॉजच्या घडीने दात पुसा. ओला दात बोटातून निसटतो आणि मग आपण नकळत जास्त जोर लावतो.

५. अंगठा आणि तर्जनीत गॉज धरून दात पकडा. आधी जिभेकडे हलकेच वाकवा, मग ओठाकडे, मग किंचित पिळा. सरळ वर किंवा खाली ओढू नका. तयार दात या तीन हालचालींतच गॉजमध्ये येतो.

६. आला नाही, किंवा मूल ‘दुखतंय’ म्हणालं, तर तिथेच थांबा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा.

सगळ्यात उत्तम म्हणजे गॉज मुलाच्याच हातात द्या, समोर आरसा धरा आणि तुम्ही नुसते शेजारी बसा. स्वतःच्या हाताने काढलेल्या दाताची भीती राहत नाही.

रक्त

खळग्यातून थोडं रक्त येणारच. लाळेत मिसळल्यामुळे ते आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त दिसतं, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

नवीन गॉजची चौपदरी घडी करा. ही घडी उकळलेल्या पाण्यात बुडवून घट्ट पिळून घ्या. दात पकडायला गॉज कोरडी हवी, रक्तावर दाबायला मात्र ओलसर. कोरडी गॉज रक्ताच्या गुठळीला चिकटते आणि काढताना गुठळी उखडून पुन्हा रक्त सुरू होतं. घडी बरोबर खळग्यावर ठेवा आणि १० ते १५ मिनिटं दाबून धरा, घड्याळ लावून. मधेच उचलून बघायचं नाही. रक्त थांबत नाही अशी तक्रार येते तेव्हा बहुतेक वेळा दर मिनिटाला गॉज उचलून पाहिलेली असते.

सारखं थुंकायलाही लावू नका. थुंकताना तोंडात ओढ तयार होते आणि गुठळी सुटते. लाळ ओठांवर आली की पुसायची. पहिल्या दिवशी खळखळून चूळ नाही, स्ट्रॉने पिणं नाही. काही तास लाळेला गुलाबी झाक राहिली तर चालतं. पण अर्धा तास नीट दाबूनही रक्त वाहतच असेल, तर डॉक्टरांकडे जा.

खळग्यात मुळाचा बारीक तुकडा दिसला तर चिमट्याने किंवा सुईने कोरू नका. तो बहुधा आपोआप वर येतो किंवा विरघळतो. तिथे दुखत राहिलं किंवा सूज आली, तर मात्र दाखवा.

दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा: पेलाभर पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून दोन-तीनदा, जेवणानंतर. तोंडात पाणी धरून मान हलवायची आणि पाणी बाहेर पडू द्यायचं, एवढंच.

दुखलं तर काय, आणि काय लावायचं नाही

तयार दात पडल्यावर औषधाची गरज क्वचितच लागते. लागलीच तर पॅरासिटामॉल. प्रमाण वजनावर ठरतं: दर किलोला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. चूक होते ती बाटलीत. एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम औषध असतं, दुसऱ्यात २५०. म्हणजे २० किलोच्या मुलाला २०० मिलिग्रॅम द्यायचं तर पहिल्या बाटलीतून सुमारे ८ मिलिलिटर आणि दुसऱ्यातून ४. ‘मागच्या वेळी दिलं तेवढंच’ असं करू नका, लेबल वाचा आणि बाटलीसोबतच्या मापानेच मोजा. शंका असेल तर डॉक्टरांना किंवा मेडिकलवाल्यांना विचारा. अ‍ॅस्पिरिन असलेली गोळी १६ वर्षांखालच्या मुलाला स्वतःहून द्यायची नाही. त्याने रक्तस्राव वाढतो, आणि मुलांमध्ये रेज सिंड्रोम नावाच्या गंभीर आजाराचा धोकाही असतो.

मशेरीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. आपल्याकडे अनेक घरांत मोठी माणसं दात घासायला मशेरी वापरतात, आणि ‘चिमूटभर दाबली की रक्त थांबतं, ठणका बसतो’ असा सल्ला प्रेमापोटीच दिला जातो. पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. उघड्या जखमेतून निकोटिन लेकराच्या अंगात भिनतं. मळमळ, चक्कर, उलट्या होतात, आणि सवयीची सुरुवात अशीच होते. आजीला हे आदराने पण ठामपणे सांगा. लवंगेचं तेलही मुलाच्या हिरडीवर थेंबभरसुद्धा नको, नाजूक कातडी भाजते. हळद, चुना, राख, कॉफी यांतलंही काही खळग्यात भरायचं नाही. तिथे फक्त स्वच्छ गॉज आणि दाब.

खाणं

दात लटकत असताना आणि पडल्यावर दोन दिवस आपली कडक भाकरी बाजूला ठेवा. तिची कड हिरडीला लागते. मऊ भाकरी दुधात किंवा पातळ वरणात कुस्करून, मऊ भात, खिचडी, दही, केळं असं चालतं. शेंगाचटणी मुलाच्या कितीही आवडीची असली तरी दोन-तीन दिवस नको: तिखट झोंबतं आणि शेंगदाण्याचा भरड कूट खळग्यात बसतो. कोमट जेवण द्या, कढत नाही. आइस्क्रीम चालतं, त्याने बरंही वाटतं. गाडीवरचा गोळा मात्र नको, त्याचा बर्फ कोणत्या पाण्याचा आहे ते कळत नाही.

उसाच्या दिवसांत दाताने ऊस सोलायची हौस मुलांना आवरत नाही. हलणाऱ्या दाताने ऊस सोलताना दात वेड्यावाकड्या दिशेने उपटला जातो. गंडेऱ्या करून द्या आणि त्या दाढेने चावायला सांगा. संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, यात्रेत चिक्की आणि रेवड्यांचंही तेच.

दात गिळला तर

जेवताना किंवा झोपेत दात गिळला जाणं नेहमीचं आहे. तो शौचातून निघून जातो, शोधत बसायची गरज नाही.

दात श्वासनलिकेत गेला तर गोष्ट वेगळी. अचानक खोकल्याची उबळ, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, धाप, ओठ निळसर होणं ही त्याची लक्षणं. मूल जोरात खोकत असेल तर खोकू द्या, तोंडात बोट घालून चाचपडू नका. खोकता-बोलता येत नसेल तर त्याला पुढे वाकवा आणि दोन खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच जोरदार थापा मारा. तरी सुटलं नाही तर मागे उभं राहून, बेंबी आणि छातीचं हाड यांच्या मध्ये मूठ ठेवून, आत आणि वरच्या दिशेने पाच झटके द्या. हे आलटूनपालटून चालू ठेवा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा. खोकला थांबून मूल बरं दिसलं, पण दात सापडला नाही आणि नंतर श्वासाला घरघर राहिली, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मागून दुसरा दात आला तर

खालच्या मधल्या दातांमागे, जिभेच्या बाजूला, नवा दात उगवतो आणि जुना तसाच उभा असतो. दोन रांगा बघून घरात एकच गडबड उडते. हे बऱ्याच मुलांत होतं. जुना दात चांगला हलत असेल तर जिभेने हलवणं वाढवा. तो पडला की जीभच नव्या दाताला हळूहळू पुढे ढकलते. जुना दात अजिबात हलत नसेल, किंवा दोन-तीन महिन्यांत पडला नाही, तर डॉक्टर तो काढून देतात, काही मिनिटांचं काम असतं. वरच्या पटाशीच्या दातांमागे असं झालं तर इतकी वाट पाहू नका. तिथे नवा दात खालच्या दाताच्या मागे अडकतो आणि चावा उलटा बसतो.

खर्चाची अडचण असेल तर सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, सकाळच्या ओपीडीला दंत विभागात दाखवता येतं. सरकारी शाळांत आणि अंगणवाड्यांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासायला येतं, त्या तपासणीत दातही बघतात. पथक येणार असेल त्या दिवशी दाताची तक्रार चिठ्ठीवर लिहून मुलाजवळ द्या.

मार लागून दात पडला तर नियम बदलतात

सायकलवरून किंवा जिन्यावरून पडून दुधाचा दात निघाला, तर तो पुन्हा खळग्यात बसवू नका. खालच्या कायमच्या दाताला इजा होते. रक्त थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा.

कायमचा दात निघाला असेल तर एक-एक मिनिट मोलाचं आहे. ७-८ वर्षांच्या मुलाचे पुढचे दात कायमचे असू शकतात: ते मोठे, रुंद, टोकाला करवतीसारखे दातेरी आणि लांब मूळ असलेले असतात. दात पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका. माती लागली असेल तर दुधात किंवा स्वच्छ पाण्यात काही सेकंद विसळा, घासू नका. जमलं तर लगेच खळग्यात बसवून रुमाल चावायला द्या. नाही जमलं तर पिशवीतल्या गार दुधात बुडवा आणि अर्ध्या ते एका तासाच्या आत दाताच्या डॉक्टरांकडे पोहोचा. कागदात गुंडाळून खिशात ठेवलेला, वाळलेला दात वाचण्याची शक्यता फार कमी.

पडल्यानंतर

दाताचं काय करायचं ते घरची रीत ठरवते. कुणी तुळशीत पुरतं, कुणी उंदराच्या बिळाशी टाकतं, कुणी छपरावर. मुलाला ते मनापासून करू द्या, पुढच्या दाताच्या वेळी तेच कामी येतं.

नवा दात काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत दिसतो. सहा महिने उलटूनही आला नाही, किंवा एका बाजूचा येऊन सहा महिने झाले आणि जोडीचा नाही, तर एक्स-रे काढून बघतात. उगवण्याआधी हिरडीवर निळसर फुगवटा आला तर टोचू नका, दात त्यातूनच वर येतो. नवा दात दुधाच्या दातांपेक्षा पिवळसर दिसतो, तो त्याचा मूळचा रंग. कोळशाच्या किंवा खरखरीत मंजनाने घासून तो पांढरा होणार नाही, वरचा थर झिजेल. वरच्या दोन दातांमधली फटही बऱ्याचदा ११-१२ व्या वर्षी सुळे आल्यावर मिटते.

या सगळ्या धांदलीत एक दात गुपचूप येतो. साधारण सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, कोणताही दात न पडता कायमची पहिली दाढ उगवते. दात पडला नाही म्हणून ती दुधाचीच समजली जाते, कीड लागली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडली जाते, आणि दहाव्या वर्षी काढायची वेळ येते. पुढचा पहिला दात हलायला लागला की त्याच आठवड्यात टॉर्च घेऊन चारही कोपरे बघा. दाढ दिसली तर ब्रश तिथपर्यंत आडवा नेऊन रोज रात्री तुम्ही स्वतः घासून द्या, आणि तिच्या खोल खाचा सीलंटने भरून घ्यायच्या का, हे डॉक्टरांना विचारा.